संकलनाच्या वेळी येणारे अपडेटचे मेसेज: एका दूध संस्थेच्या जुन्या कॉम्प्युटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

संस्था करवीर तालुक्यातली, कोल्हापूरपासून बारा-पंधरा किलोमीटरवर, गावाचं नाव सांगत नाही कारण सेक्रेटरींना ते आवडणार नाही. दीडशेच्या आसपास सभासद, दोन्ही वेळचं मिळून हजारभर लिटर दूध, त्यात म्हशीचं जास्त. माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं काम कोल्हापुरात राजारामपुरीत चालतं आणि या संस्थेचा कॉम्प्युटर वर्षातून एक-दोनदा माझ्याकडे येतो, म्हणजे खरं तर मीच त्याच्याकडे जातो कारण तो जागेवरनं हलवला की संकलन बंद.

डेरीचं काम ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माणूस कॅन घेऊन येतो, दूध काट्यावर मोजतात, नमुना फॅट मशीनमध्ये जातो, फॅट आणि एसएनएफचे (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) आकडे वायरने कॉम्प्युटरमध्ये येतात, सॉफ्टवेअर दर काढतं आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर चिठ्ठी फाटते. म्हशीला ६.० फॅट ९.० एसएनएफ आणि गाईला ३.५ आणि ८.५ हा दराचा पाया, त्याच्या वर-खाली पॉइंटमागे पैसे वाढतात किंवा कापतात. दहा दिवसांनी बिल. दिवाळीला वर्षभराच्या लिटरवर फरक, म्हणजे दराची जादा रक्कम मिळते, त्यामुळं एकाही दिवसाची नोंद हरवून चालत नाही, लोक चिठ्ठ्या जपून ठेवतात, काही बायका तर देवघरात.

कॉम्प्युटर २०११ चा, दोन जीबी रॅम, विंडोज ७, तेही ३२ बिट. फॅट मशीनची वायर जुन्या पद्धतीची नऊ पिनांची, मागं तसा पोर्टही होता पण एका वळवाच्या पावसात वीज पडली तेव्हा तो गेला, तेव्हापासून यूएसबीचा कन्व्हर्टर लावून काम चालू. हा कन्व्हर्टर पुढं महत्त्वाचा आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. इंटरनेटसाठी वायफायचा छोटा डोंगल, त्याला ऑपरेटर पोराच्या मोबाईलचा हॉटस्पॉट.

नेमका त्रास काय होता

नोव्हेंबर २०२५, चौदा तारीख, सकाळी पावणेसातला फोन. "दादा, आकडंच येईनात की मशीनचं, आन् स्क्रीनवर सारखं काय काय उघडतंय, लाईन लागलीय हितं." मागनं एक मावशी जोरात म्हणत होत्या, "आरं माझी म्हस तटलीय तिकडं, आटप की लवकर."

मी विचारलं काय काय उघडतंय, तर पोराने वाचून दाखवलं. एक, तुमचे २३ ड्रायव्हर (जोडलेल्या यंत्राशी विंडोजला बोलता यावं म्हणून लागणारे छोटे प्रोग्राम) जुने झालेत, अपडेट करा. दोन, उजव्या कोपऱ्यात लाल चौकट, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस. तीन, पीडीएफ रीडरचं अपडेट आलंय. चार, क्रोमच्या वर एक पट्टी, पुढची अपडेट पाहिजे असतील तर विंडोज १० लागेल. आणि हे सगळं गेला दीड महिना चाललेलं, रोज सकाळी बंद करत बसायचं, आज फक्त बंद करताना हात घसरला आणि ड्रायव्हरवाल्याचं "अपडेट ऑल" दाबलं गेलं, त्यानंतर आकडे यायचे थांबले.

पहिला निर्णय: लाईन उभी असताना मशीनला हात लावायचा की नाही

फोनवरनं "हे दाब, ते दाब" करायचा मोह होतो. मी नको म्हटलं. फॅट मशीनच्या स्वतःच्या डिस्प्लेवर आकडा दिसतोच, काट्यावर लिटर दिसतात, तर जुन्या वहीत नाव, लिटर, फॅट, एसएनएफ लिहून घ्या, चिठ्ठ्या हातानं द्या, दर मी आल्यावर टाकू. सेक्रेटरी कुरकुरले, "लोकं ऐकत न्हाईत हाताच्या चिठ्ठीला", पण दूध न्यायला येणारी दूध संघाची गाडी थांबत नाही, त्यामुळं ऐकलं. या एका निर्णयाबद्दल मला आजही शंका नाही. चालू संकलनात दुरुस्ती करायला गेलं की निम्म्या नोंदी एका फाईलीत, निम्म्या कुठंच नाहीत अशी गत होते.

मी निघालो आठला, पोचलो साडेनऊला, कारण सीझन चालू, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक.

मेसेज सगळे सारखे नसतात

पोचल्यावर पहिल्यांदा डेटाचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं. मग एकेक मेसेज कुठनं येतोय ते बघितलं, आणि इथं थोडं थांबून सांगायला पाहिजे, कारण लोक या सगळ्याला "व्हायरस आलाय" एवढंच म्हणतात.

क्रोमची पट्टी खरी होती. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं क्रोम म्हणजे १०९, फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आलं ते विंडोज १० च्या खाली बसतच नाही. विंडोज ७ चाच सपोर्ट, म्हणजे कंपनीकडनं मिळणारी सुरक्षेची अपडेट, १४ जानेवारी २०२० ला संपला, तेव्हा पूर्ण स्क्रीनभर निळी पाटी पण यायची, "परत आठवण करू नका" दाबेपर्यंत. तर हे मेसेज खरे, पण या मशीनवर त्यांचं काही करता येत नाही. नुसते कटकट करतात.

पीडीएफ रीडरचा मेसेजही खरा, आणि तो खरं तर कामाचा. पण तो अपडेट होतच नव्हता, दर वेळी अर्ध्यात एरर, आणि दुसऱ्या दिवशी परत हजर. हे का होतंय हा प्रश्न मला तेव्हाच पडायला पाहिजे होता. नाही पडला.

ड्रायव्हरवालं आणि पाच व्हायरसवालं, ही दोन्ही निव्वळ फसवाफसवी. लाल चौकट म्हणजे व्हायरस नव्हताच, क्रोमला कुठल्या तरी पानाने नोटिफिकेशनची परवानगी घेतलेली. "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा" असं म्हणणारी पानं असतात, पोराने दाबलं, झालं. ड्रायव्हरवालं मात्र रीतसर इन्स्टॉल झालेलं, बरोबर एक क्लीनर आणि बदललेलं होमपेज.

हे आलं कुठनं? विचारल्यावर पोरगं आधी लाजलं. मग सांगितलं की संघाचं नवीन दरपत्रक पीडीएफमध्ये आलेलं, ते नीट उघडेना, रीडरचं अपडेट होईना, रीडरची साईट क्रोममध्ये उघडेना. म्हणून मोबाईलवर शोधलं, सगळ्यात वर जे आलं ते जाहिरातीचं होतं, तिथलं मोठं हिरवं डाउनलोडचं बटण दाबलं, फाईल केबलने कॉम्प्युटरवर आणली आणि नेक्स्ट नेक्स्ट करत बसवली. प्रत्येक नेक्स्टवर आधीच टिक केलेला एक-एक पाहुणा होता. याच्यात त्याची चूक म्हणायची तर म्हणा, मी म्हणत नाही, मी स्वतः घाईत दोनदा असं केलंय.

समोर असलेले पर्याय

चेअरमन पण आले होते, चहा मागवला, आणि चौघांत चर्चा झाली.

चेअरमनचं म्हणणं, नवा कॉम्प्युटरच घेऊ. बरोबरच आहे एका अर्थी, पण दोन अडचणी. संकलनाच्या सॉफ्टवेअरचं लायसन या मशीनला बांधलेलं, नव्यावर घ्यायचं तर डीलरचे वेगळे पैसे, आणि डीलर म्हणाला आठवडा लागेल. वर खर्चाला कमिटीचा ठराव पाहिजे. बिल वीस तारखेला बंद करायचं.

सेक्रेटरींचं म्हणणं, फॉरमॅट मारा, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाका. मेकॅनिक लोकांचा पण हा आवडता उपाय, मलाही सोपा. पण सॉफ्टवेअरची सीडी कुणालाच सापडेना आणि बिनसीडीचा फॉरमॅट म्हणजे संस्थेचं दुकान बंद.

तिसरा पर्याय मीच काढला आणि मीच खोडला, याच मशीनवर विंडोज १० टाकणं. कागदावर ३२ बिट विंडोज १० ला एक जीबी रॅम पुरते, प्रत्यक्षात दोन जीबीवर जुन्या हार्डडिस्कबरोबर ते चालत नाही, सरपटतं. आणि विंडोज १० चा सपोर्ट पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला, म्हणजे महिन्यापूर्वी. एका बंद घरातनं उठून दुसऱ्या बंद घरात जायचं. विंडोज ११ चं तर नावच नको, त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) आणि चार जीबी रॅम लागते, हे मशीन त्या जन्मातलं नाही.

उरला चौथा. आहे ते साफ करायचं, कन्व्हर्टर चालू करायचा, आणि नवीन मशीनचा विषय सावकाश कमिटीत न्यायचा. तो ठरला.

काय केलं, आणि कुठं चुकलो

चुकलो ते क्रमात. मी मेसेजच्या मागं लागलो, कारण सगळे मेसेजबद्दलच बोलत होते. कंट्रोल पॅनलमधनं ड्रायव्हरवालं आणि क्लीनर काढलं, रीस्टार्ट केलं, ड्रायव्हरवालं परत हसत उभं. टास्क शेड्यूलरमध्ये (विंडोजची आपोआप चालू करायच्या कामांची यादी) त्याने स्वतःची नोंद करून ठेवलेली, दर लॉगिनला उठायचं. ती काढली, परत अनइन्स्टॉल, मग गेलं. क्रोमच्या साईट सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीत चार अनोळखी नावं, चारी उडवली, लाल चौकट बंद. पेनड्राइव्हवरच्या स्कॅनरने एकदा पूर्ण स्कॅन लावला, या हार्डडिस्कवर तो तास-सव्वा तास चालला. दुपारचा एक वाजला आणि फॅट मशीनचे आकडे अजून येत नव्हतेच, कारण चुकीचा ड्रायव्हर बसवणारा गेला तरी बसवलेला ड्रायव्हर जात नाही. हे माहीत असून मी शेवटी ठेवलं.

जोडलेल्या यंत्रांची यादी दाखवणारा डिव्हाइस मॅनेजर उघडला तर कन्व्हर्टरवर पिवळं चिन्ह, कोड १०, डिव्हाइस सुरू होऊ शकत नाही. असल्या स्वस्त कन्व्हर्टरमध्ये जी चिप असते ती जुनी तरी असते किंवा नक्कल तरी, आणि नवे ड्रायव्हर अशा चिप ओळखून मुद्दाम चालत नाहीत. म्हणजे इथं "नवीन ते चांगलं" हे उलटं पडतं, या चिपला तिचा जुना ड्रायव्हरच लागतो. आधीच्या ड्रायव्हरवर परत नेणारं रोल बॅकचं बटण पांढरं पडलेलं, दाबता येईना. मग अपडेट ड्रायव्हर, माझ्या कॉम्प्युटरवर शोधा, यादीतनं मला निवडू दे, असं करत गेलो की विंडोजने साठवून ठेवलेले सगळे जुने ड्रायव्हर तारखेसकट दिसतात. सगळ्यात जुना निवडला. पिवळं चिन्ह गेलं.

पोरगं खूश झालं, नमुना लावला, आकडा नाही. पाच मिनिटं मी नुसता बघत बसलो. मग लक्षात आलं, काढ-घाल करताना पोर्टचा नंबर बदललेला, आधी कॉम ३ होता, आता कॉम ५, आणि सॉफ्टवेअर बिचारं कॉम ३ च्या दारात वाट बघत उभं. पोर्ट सेटिंगच्या ॲडव्हान्समध्ये जाऊन ३ केला, स्पीड २४०० वर तपासला, परत नमुना. ६.८ आणि ९.१, स्क्रीनवर. सेक्रेटरी म्हणाले, "आली बघा लक्ष्मी." विंडोजने स्वतःहून ड्रायव्हर आणू नयेत म्हणून डिव्हाइस इन्स्टॉलेशनच्या सेटिंगमध्ये "कधीच नको" करून टाकलं.

इथं मी बॅग भरली होती. खरंच.

तारखेचं प्रकरण

सेक्रेटरी सकाळची वही बघून नोंदी भरत होते, सहज म्हणून आदल्या संध्याकाळची बेरीज काढली आणि म्हणाले, "हे काय, तेरा तारखेला रात्री संघाला ४८० लिटर गेलं आन् ह्यात ३४६ च दावतंय." एकतीस माणसांच्या नोंदीच नव्हत्या. चिठ्ठ्या मात्र त्या माणसांना मिळालेल्या. शेजारच्याच घरातनं एक चिठ्ठी मागवली. नाव बरोबर, लिटर बरोबर, फॅट बरोबर, तारीख ०१/०१/२००९.

पोराला विचारलं तर तो अगदी सहज म्हणाला, "व्हय, तारीख रोजच जाती, मी सकाळी आल्यावर लावतो की. काल मधीच लाईट गेली, परत चालू केलं तवा लावायची राहिली." कधीपासून? "लई दिस झालं. गणपतीच्या आधीपास्नं."

सगळा गुंता एकदम सुटला. मदरबोर्डवर बटणासारखा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा, कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. या संस्थेत शिस्त अशी की संकलन झालं की मेन स्विच बंद, त्यामुळं दिवसातले अठरा-वीस तास सगळा भार त्या सेलवर. मीटर लावला, १.९ व्होल्ट. मेला होता.

आणि घड्याळ २००९ मध्ये गेलं की सुरक्षित साईट उघडत नाहीत, कारण प्रत्येक साईटच्या सर्टिफिकेटला "या तारखेपासून या तारखेपर्यंत" अशी मुदत असते आणि २००९ मध्ये ती सुरूच झालेली नसते. पोरगं तारीख फक्त संकलनापुरती लावायचं, दुपारी मोकळ्या वेळात डाउनलोड करायला बसलं तेव्हा कॉम्प्युटर २००९ मध्ये. म्हणून रीडरचं अपडेट फसायचं, म्हणून साईट उघडेना, म्हणून मोबाईल, म्हणून हिरवं बटण, म्हणून ड्रायव्हरवालं, म्हणून कन्व्हर्टर बंद. विंडोजचं इंटरनेट टाईम पण उपयोगाचं नाही इथं, फरक फार मोठा असला की ते सुरक्षेचं कारण सांगून वेळ जुळवायला नकार देतं.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. मी मुद्दाम तारीख मागं करून क्रोम उघडून बघितलं तर पानावर मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं की तुमचं घड्याळ मागं आहे. दीड महिना मशीन स्वतःच्या तोंडाने रोग सांगत होतं. पोराने इंग्रजी बघून पान बंद केलं, त्याचं ठीक आहे. मी साडेनऊ ते तीन त्याच खोलीत बसून उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे एकदा बघितलं नाही, कारण त्या दिवशी सकाळी पोराने ते नेमानं बरोबर लावून ठेवलेलं होतं. रोज गुपचूप लावायच्या त्याच्या सवयीने बिघाड झाकला गेला. त्याला वाटायचं हा कामाचाच भाग आहे, कॅन धुतात तशी तारीख लावायची.

सेल गावातल्या घड्याळाच्या दुकानात मिळाला, चाळीस रुपये. एरवी सेल बदलताना बायोसच्या (विंडोजच्या आधी चालू होणारा मदरबोर्डचा प्रोग्राम) सेटिंगचे फोटो काढून ठेवावेत, हार्डडिस्कचा मोड बदलला तर विंडोज उठत नाही, पण इथं सेल आधीच मेलेला म्हणजे सेटिंग रोजच पुसली जात होती, गमवायला काही नव्हतंच. बदलला, मेन स्विच बंद करून अर्धा तास ठेवला, चालू केला, तारीख जागेवर.

दुसरा निर्णय: इंटरनेट ठेवायचं का

हा वादाचा झाला. माझं म्हणणं डोंगल काढा. सपोर्ट संपून पाच वर्षं झालेलं मशीन, त्याच्यावर दीडशे घरांच्या बिलांचा हिशोब, त्याला इंटरनेट कशाला. पोराचं म्हणणं, दरपत्रक येतं त्याचं काय, आणि सॉफ्टवेअरवाले वर्षातून एकदा लांबनं जोडून काम करतात त्याचं काय. मधला मार्ग होता, फायरफॉक्स ब्राउझरचं ११५ ईएसआर (जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती) विंडोज ७ वर चालतं, ते टाकून ठेवायचं. मी विचार केला आणि नाही म्हटलं. ब्राउझर असला की कुणीतरी उघडणार, पाऊस पडला की पोरं मॅच बघणार.

ठरलं असं, डोंगल सेक्रेटरींच्या ड्रॉवरमध्ये, डीलर येईल त्या दिवशी तासभर लावायचा. दरपत्रक मोबाईलवर बघून हातानं टाकायचं. सेक्रेटरींना ते जड गेलं, चष्मा लावून मोबाईलवरनं तक्ता वाचायचा म्हणजे ताप आहे, एकदा ६.४ चा दर ६.५ ला टाकला आणि दुसऱ्या दिवशी सुधारला. हा माझ्या निर्णयाचा तोटा आहे, तो मी मान्य करतो. आता झेरॉक्सच्या दुकानातनं छापून आणतात.

निकाल

एकतीस नोंदी सॉफ्टवेअरमध्ये २००९ खाली सापडल्या, पण त्यांची तारीख बदलायची सोयच नव्हती, त्यामुळं परत हातानं भरल्या आणि जुन्या खोडल्या. मग शंका आली की आधी पण असं झालं असेल. शोधलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या आणखी चार वेळच्या मिळून साठ-बासष्ट नोंदी तिथंच पडलेल्या. काहींनी तेव्हा तक्रार केलेली, त्यांना "तुमची चिठ्ठी चुकली असेल" म्हणून परत पाठवलेलं. ते पैसे पुढच्या बिलात दिले, चेअरमननी स्वतः दोन घरी जाऊन सांगितलं. एका आजीने चिठ्ठी समोर धरून म्हटलं म्हणे, "मी सांगत हुतो नव्हं."

वीसचं बिल वेळेत निघालं. नंतरच्या तीन महिन्यांत मला तिथनं एकच फोन आला, प्रिंटरच्या रिबनचा.

परत असं काम आलं तर काय वेगळं करीन? पोचल्यावर स्क्रीनवर काय दिसतंय ते विचारायच्या आधी पोराला म्हणेन, तू सकाळी आल्यापासून काय काय करतोस ते सगळं एकदा करून दाखव, स्विच चालू करण्यापासनं. आणि कन्व्हर्टर पहिला, मेसेज नंतर, कारण संध्याकाळचं संकलन मेसेज असतानाही होतं, आकड्यांशिवाय होत नाही. डेटाच्या फोल्डरबरोबर अख्ख्या डिस्कची कॉपी पण घेईन, त्या दिवशी घेतली नाही आणि सीडी हरवलेली असताना तो जुगारच होता.

नव्या कॉम्प्युटरचा ठराव अजून कमिटीत आहे. तोवर जुन्या कॅबिनेटवर मी चिकटपट्टी लावून सेल बदलल्याची तारीख लिहून आलोय, आणि ड्रॉवरमध्ये तशीच जुनी चिप असलेला एक जादा कन्व्हर्टर, राजारामपुरीत तीन दुकानं फिरून मिळाला.